काटा हलेना, पण ब्लाऊज सैल झाला त्याचं काय?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत):

"वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, सहकारी बँकेत काउंटरला आहे. एप्रिलमध्ये बँकेत तपासणी शिबिर होतं, त्यात एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले मधुमेहाच्या बॉर्डरवर आहात, वजन उतरवा. मी आणि मिस्टर दोघांनी मिळून दोन वेळाच जेवायचं आणि रोज पाऊण तास चालायचं असं सुरू केलं. चार महिन्यांत मी ७८ वरून ७१ वर आले. आणि मग गणपतीपासून सात आठवडे झाले, काटा तिथेच. कधी ७०.६, कधी ७१.८, पुन्हा ७१. मिस्टरांचं मात्र अजून उतरतंय, त्यांचं ११ किलो झालं. मैत्रीण म्हणते तुझं मेटाबॉलिझम बंद पडलंय, एक पावडर आहे ती घे. दोन आठवडे झाले रात्रीचं जेवण सोडून नुसतं सूप घेतेय, तरी काही नाही, उलट परवा काउंटरवर गरगरलं. सकाळ-संध्याकाळ वजन करते आणि काट्यावरून उतरले की रडू येतं. रात्रीचं जेवण कायमचं बंद करू का? की हे सगळंच सोडून देऊ? माझंच काहीतरी चुकतंय का?"

ताई,

आधी ते सूप बंद करा आणि आज रात्री नीट जेवा. भाकरी, भाजी, वाटीभर उसळ, ताक. बाकीचं सावकाश बोलू पण हे आधी, कारण उभ्या उभ्या गरगरायला लागलं म्हणजे शरीराचं एवढ्यावर भागत नाहीये, ते सरळ सांगतंय तुम्हाला. एकदा झालं ते झालं, पण नीट जेवायला लागल्यावरही परत झालं तर चार दिवस बघू म्हणून थांबू नका, बीपी आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. तुमच्या वयात पाळी मागेपुढे व्हायला लागते, अंगावरून जास्त जातं, रक्त कमी झालेलं असतं आणि आपण बायका त्याला 'डाएटचा अशक्तपणा' असं नाव देऊन महिनोन्महिने अंगावर काढतो.

आता काट्याचं बोलू. तुमच्या मूळ पत्रात अगदी शेवटी एक वाक्य आहे, तुम्ही ते जाता जाता लिहिलंय पण मी तिथे थांबले. तुम्ही लिहिलंय, "दसऱ्याच्या साडीवरचा ब्लाऊज सैल झाला म्हणून परत टिपा मारून आणल्या, पण त्याचा काय उपयोग, काटा तर तिथेच आहे." परत, म्हणजे त्याआधी जुलैमध्ये एकदा मारून झाल्या होत्या ना. आणि दसरा कधी आला? गणपतीनंतर. म्हणजे तुमच्या हिशोबाने जे सात आठवडे काहीच घडलं नाही, त्याच सात आठवड्यांत तोच ब्लाऊज पुन्हा सैल झाला. शिवणीतली माया काही आपोआप वाढत नाही, आत मावणारं शरीर कमी झालंय म्हणून कापड सुटलं. मला या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची बातमी ती वाटली आणि तुम्ही तिला 'त्याचा काय उपयोग' म्हणून उडवून लावलंत.

काटा चरबी मोजत नाही हो. तो तुम्हाला अख्खं मोजतो, हाडं, स्नायू, पोटातलं कालचं जेवण, आणि पाणी. पाणी हा तर फार मोठा खेळ आहे. आपल्या स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून साधारण चारपाचशे ग्रॅम साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, आणि त्याच्या एकेका ग्रॅमला जवळपास तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. खाणं कमी केलं की पहिल्या एकदोन आठवड्यांत हा साठा उतरतो आणि त्याच्यासोबत पाणी जातं, म्हणून सुरुवातीला काटा सरसर खाली येतो आणि आपल्याला वाटतं वा, जमलं की. तुमच्या ७ किलोतला थोडा भाग असाच पाण्याचा होता. आणि जे पाणी पटकन जातं ते पटकन परतही येतं. लोणचं-पापड जास्त झालं, पाळीच्या आधीचा आठवडा आहे, पोट दोन दिवस साफ झालं नाही, नवीन व्यायाम सुरू केला आणि पाय दुखतायत, रात्रीची झोप झाली नाही, यातल्या कशानेही एक किलो इकडचं तिकडे होतं. लिटरभर पाणी प्यायलात आणि लगेच काट्यावर उभ्या राहिलात तर एक किलो वाढलेलंच दिसणार. चरबी मात्र पाव किलो कमी व्हायलाही आठवडा लागतो. मग या पाण्याच्या वरखाली होण्यात ती पाव किलोची चरबी काट्यावर दिसणार कशी?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव ऐकलंय का तुम्ही? आपण भारतीय दिसायला बारीक पण आतून चरबीवाले असतो हे त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. म्हणजे काट्याने आणि उंचीच्या पट्टीने बघितलं तर दोघं एकच. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के, दुपटीहून जास्त! मला हे उदाहरण फार आवडतं कारण ते आपल्या माणसाने स्वतःवरच दाखवलंय. आकडा तोच असून दोन माणसांची शरीरं इतकी वेगळी असू शकतात, तर मग गणपतीतल्या ७१ किलोच्या तुम्ही आणि आत्ताच्या ७१ किलोच्या तुम्हीसुद्धा थोड्या वेगळ्या असू शकता की नाही? ब्लाऊज तरी हो म्हणतोय.

म्हणून आधी सात आठवडे खरंच अडकलंय का तेच नीट ठरवू. तुम्ही दिवसातून दोनदा वजन करता म्हणजे सात आठवड्यांत ९८ वेळा काट्यावर चढलात. ९८ वेळा निकाल बघायचा आणि प्रत्येक वेळी नापास वाटून घ्यायचं, यात कुणाचाही धीर सुटेल, त्यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही.

मी स्वतः काय केलं ते सांगते. आमच्या स्वयंपाकघरात दाराला कॅलेंडर आहे, त्यावर दुधाचा हिशोब लिहितात तसा त्याच चौकोनात मी वजन लिहायला लागले, सकाळी उठून संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, गाऊनवर, काटा सतरंजीवर नाही तर फरशीवर ठेवून. पहिल्या आठवड्याचे आकडे अजून आहेत माझ्याकडे: ६६.८, ६७.४, ६७.१, ६६.५, ६७.६, ६७.२, ६७.१. आणि चौथ्या आठवड्याचे: ६६.४, ६६.९, ६६.२, ६७.३, ६६.७, ६६.३, ६६.५. आता मी जर फक्त दर गुरुवारी वजन करणारी असते तर पहिल्या गुरुवारी ६६.५ आणि चौथ्या गुरुवारी ६७.३, म्हणजे महिनाभर तोंड बांधून उलट ८०० ग्रॅम वाढलं म्हणून मी कपाळाला हात लावला असता. पण सातही दिवसांची बेरीज करून सातने भागलं तर पहिल्या आठवड्याची सरासरी ६७.१ आणि चौथ्या आठवड्याची ६६.६. अर्धा किलो उतरलं होतं. हळू, पण उतरलं होतं. तेव्हापासून मी एकेका दिवसाच्या आकड्याशी भांडणं सोडलं, रविवारी भागाकार करायचा आणि बाजूला गोल करून लिहायचं, बस. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला आकडेमोड मी काय शिकवणार, पण रोजचा बॅलन्स वरखाली होतो म्हणून खातं बुडालं असं आपण म्हणतो का?

हे जमलं तर उत्तम. पण काट्यावरून उतरून रडू येत असेल तर मी म्हणेन काटा तीन आठवडे माळ्यावर टाका आणि टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. आठवड्यातून एकदाच. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या आत ही मर्यादा धरतात, पुरुषांसाठी ९०. आज लगेच ८० यायला पाहिजे असं नाही, फक्त ते हळूहळू त्या बाजूला सरकतंय का ते बघायचं.

आता एक नाजूक गोष्ट विचारते, रागावू नका. हे सात आठवडे कोणते होते? गणपती, गौरीजेवण, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. तुम्ही लिहिलंय की नवरात्राचे नऊ दिवस उपवास होते तरीसुद्धा काटा हलला नाही. ताई, या 'तरीसुद्धा'तच ग्यानबाची मेख आहे. आपल्या डोक्यात उपवास म्हणजे कमी खाणं हे इतकं घट्ट बसलंय की आपण ताटाकडे बघतच नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास सगळाच स्टार्च, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. शेंगदाणे १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर. एक बशी खिचडी केली, त्यात दाण्याचं कूट, बटाटा, वरून तूप, तर ती सहज पाचशेच्या पुढे जाते आणि प्रोटीन म्हणाल तर दाण्यातून येईल तेवढंच. तुमच्या रोजच्या दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण याहून ती भारीच भरेल, आणि दोन तासांत परत भूक लागेल ते वेगळंच. मी उपवास करू नका म्हणत नाही, ज्याची त्याची श्रद्धा आहे आणि नवरात्राचा उपवास मला स्वतःलाही प्रिय आहे. पण तो देवीसाठी करा, वजनाच्या खात्यात धरू नका. आणि उपवासाला राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, भोपळ्याचं भरीत, फळं असंही चालतंच की.

पण याचीच दुसरी बाजू बघा ना. गौरीचं पुरणपोळीचं जेवण, प्रसादाचे मोदक, श्राद्धाची खीर, नऊ दिवस खिचडी, हे सगळं होऊन तुमचं वजन वाढलं नाही! मागच्या वर्षी गणपती ते दसरा तुमचं किती वाढलं होतं आठवतंय? ७१ वर अडकले असं तुम्ही म्हणता, मी म्हणेन ७१ टिकवलं. वजन उतरवण्यापेक्षा उतरलेलं टिकवणं अवघड असतं आणि त्याची प्रॅक्टिस तुमची न कळत झाली.

मेटाबॉलिझम, म्हणजे शरीर चालू ठेवायला होणारा इंधनाचा खर्च, तो बंद पडलाय हे मात्र डोक्यातून काढा. तो बंद पडला तर माणूस जिवंत राहत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, त्यांचं वजन जवळपास चौथा हिस्सा कमी झालं, शरीराचा खर्च खूप खाली आला, पण बंद कुणाचाच पडला नाही. होतं काय तर खर्च कमी होतो. ७८ किलोचं शरीर वागवायला जेवढं इंधन लागत होतं तेवढं ७१ किलोच्या शरीराला लागत नाही, साधी गोष्ट आहे, सात किलोचं धान्याचं पोतं तुम्ही चोवीस तास पाठीवर घेऊन फिरत होतात ते उतरवलंत. तोच पाऊण तास चालण्यातसुद्धा आता कमी खर्च होतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल यांच्या टीमने २०१६ मध्ये एक हिशोब मांडला होता, तो मला फार समजूत घालणारा वाटतो. मधुमेहाची एक गोळी आहे जिच्यामुळे लघवीतून साखर बाहेर पडते, रोज काही कॅलरी आपसूक जातात आणि घेणाऱ्याला ते जाणवतही नाही. अशा लोकांचं वजन कसं बदलतं त्यावरून त्यांनी काढलं की दर एक किलो उतरल्यामागे शरीराचा खर्च रोज २० ते ३० कॅलरीने कमी होतो, आणि भूक? भूक दर किलोमागे रोज साधारण १०० कॅलरीने वाढते. तुमच्या ७ किलोला हे लावून बघा. खर्च दीडदोनशेने खाली आणि भुकेची ओढ सातशेची वर! म्हणजे एप्रिलमध्ये ज्या ताटाने वजन उतरत होतं तेच ताट आता वजन आहे तिथे धरून ठेवतं, आणि तेवढ्याच ताटावर थांबायला आज तुम्हाला एप्रिलपेक्षा कितीतरी जास्त मन आवरावं लागतंय. माझंच काहीतरी चुकतंय का असं विचारता, तर नाही. तुम्ही तेव्हापेक्षा जास्त कष्ट करताय, फक्त ते काट्यावर दिसत नाहीयेत.

म्हणूनच रात्रीचं जेवण कायमचं बंद करायला माझा ठाम विरोध आहे. ओढ आधीच एवढी असताना आणखी जेवण तोडलं तर दहा-पंधरा दिवस रेटाल आणि मग एखाद्या रात्री फराळाच्या डब्यापुढे उभं राहून सगळं एकदम खाल्लं जाईल, आणि मग स्वतःचीच लाज वाटेल, हे चक्र मी फार जणींच्या पत्रांत वाचलंय. शिवाय इतकं कमी खाल्लं की चरबीबरोबर स्नायूही जातात, केस गळतात, आणि दिवसभर आपण नकळत हालचाल कमी करतो, पाणी मुलाला आणायला सांगतो, जिना सोडून लिफ्ट घेतो. जे कमवायला गेलो ते तिथेच गमावतो.

पावडरीचं दोन वाक्यांत. मेटाबॉलिझम चालू करणारी पावडर अशी काही चीज नसते. त्याच पैशांत महिनाभराची अंडी, पनीर, मटकी-हुलगे येतील आणि ते घरात सगळे खातील.

आता मिस्टर. हे लिहिताना मला जरा जास्त लिहावंसं वाटतंय. त्यांचं उतरतंय याचा आनंद आहेच, पण तुमची त्यांच्याशी तुलनाच होऊ शकत नाही. पुरुषाचं शरीर मोठं, स्नायू जास्त, बसल्या जागी खर्च जास्त, पाळीचं पाणी नाही. आणि दुसरं म्हणजे 'आम्ही दोघं दोन वेळा जेवतो' हे कागदावर सारखं असलं तरी स्वयंपाकघरात सारखं नसतं. ते दोन वेळा ताटावर बसतात आणि उठतात. तुम्ही आमटीची चव बघता, डब्यात भरताना भजी तुटलं ते तोंडात टाकता, मुलाच्या ताटातला उरलेला घास टाकवत नाही म्हणून खाता, दुधाच्या पातेल्याची साय पोळीला लावून संपवता. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी अशाच लोकांचा अभ्यास केला होता जे म्हणत होते की आम्ही अगदी कमी खातो तरी वजन हलत नाही. मेटाबॉलिझम तपासलं तर व्यवस्थित निघालं, पण खाणं ते सांगत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. असं कुणाचंही होतं, आणि जिच्या हातात दिवसभर स्वयंपाकघर आहे तिचं तर जास्तच. म्हणून तुमच्यावर आळ घेत नाहीये, उलट मला वाटतं यातलं थोडं काम वाटून घ्यायला हवं. आठवड्यातले दोन दिवस रात्रीचा स्वयंपाक मिस्टरांनी करावा, मुलाचा डबा त्यांनी भरावा. दोघांनी मिळून सुरू केलंत ना? मग स्वयंपाकघरही दोघांचं होऊ दे.

आणि हो, दोन वेळा जेवायची पद्धत चुकीची आहे का, दर दोन तासांनी खायला हवं का, असंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे घराघरात दीक्षित (दोनच वेळा जेवा) की दिवेकर (दर दोन तासांनी थोडं खा) हाच विषय होता, हळदीकुंकवाला जावं तर तिथेही तेच. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं मी बघितलीत आणि दोन्हीकडे अडकलेलीही. जी पद्धत तुमच्या नोकरीत, तुमच्या घरात पाच वर्षं चालेल ती तुमची. तुम्हाला दोन वेळा जमतंय, मग सोडायचं काही कारण नाही, फक्त त्या दोन वेळांत भरपूर आणि नीट खा. ७१ किलोच्या बाईला रोज साधारण ६० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि वाटीभर पातळ वरणात पाचसहा ग्रॅमच असतं. उसळ घट्ट करा, पिठलं करा, दही-ताक ठेवा, चालत असेल तर दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, मासे.

तर मग करायचं काय? दिवाळी तोंडावर आलीय. माझं स्पष्ट मत आहे की तुळशीचं लग्न होईपर्यंत वजन उतरवायचा प्रयत्नच करू नका. ७१ टिकवायचं, एवढंच काम. फराळ जेवणासोबत खा, चकली-चिवडा मधल्या वेळेला नको, चालणं सोडू नका. या काळात 'उतरलं का' हा प्रश्नच नाही त्यामुळे रोजची परीक्षाही नाही. मार्गशीर्ष लागला की मग एकच गोष्ट बदला. एकदम पाच नाही, एकच, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. मी तुमच्या जागी असते तर तेलापासून सुरुवात केली असती. महिन्याच्या एक तारखेला तेलाच्या बरणीवर मार्करने रेघ मारायची. माणशी दिवसाला चार-पाच चहाचे चमचे धरले तर चौघांच्या घराला महिन्याला तीन लिटरच्या आसपास तेल पुरायला हवं, तुमच्याकडे किती लागतं ते बघा, बहुतेक घरांत आकडा बघून धक्का बसतो. पोह्याचा एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशे कॅलरीच्या आसपास, तुमचा वाढलेला फरक दीडदोनशेचा आहे, म्हणजे भाजीच्या फोडणीतच तो निघू शकतो, जेवण तोडायची गरजच नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना खिचडीऐवजी काय, तेही आधीच ठरवून ठेवा.

चार आठवडे ते करून मग दुसरी गोष्ट, ताकदीचा व्यायाम. चालणं चांगलंच आहे पण त्याने स्नायू टिकत नाहीत. जिम नको, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा दहा-बारा वेळा, भिंतीला हात लावून पुश-अप, पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली, हे आठवड्यातून दोनतीनदा वीस मिनिटं. पहिले दोन आठवडे अंग दुखेल आणि काटा थोडा वर जाईल, ते दुखऱ्या स्नायूंत धरलेलं पाणी असतं, घाबरू नका.

आणि आता सगळ्यात मोठा मुद्दा, जो तुम्ही पत्रात विसरूनच गेलात. हे सगळं सुरू कशासाठी केलं होतं? ६.१ साठी. एप्रिलनंतर शुगर परत तपासली का? पत्रात कुठेच उल्लेख नाही. एचबीए१सी म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी, सहा महिने झालेत, कधीच करायला हवी होती. बॉर्डरवरच्या लोकांवर अमेरिकेत जो मोठा अभ्यास झाला, २००२ साली निकाल आला, त्यात वजनाचं ध्येय होतं ७ टक्के आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. तुमचे ७ किलो म्हणजे तुमच्या वजनाचे ९ टक्के होतात, त्या ध्येयाच्या पुढे आहात तुम्ही. आणि चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरच्याच आपल्या भारतीय लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला, तो तर प्रत्येक अडकलेल्या माणसाने वाचावा असा आहे. तीन वर्षांत, ज्यांनी काही बदल केले नाहीत त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला, ज्यांनी खाणं सुधारलं आणि चालायला लागले त्यांच्यात ३९ जणांना. आणि या दुसऱ्या लोकांचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं! काटा जागचा हलला नाही आणि तरी रोजच्या चालण्याने, खाण्याने शरीराच्या आत काम होत होतं. हे वाचून तरी ते पाऊण तास फुकट गेले असं म्हणू नका.

तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांकडे जाच. एचबीए१सी, हिमोग्लोबिन, आणि थायरॉईडची टीएसएच. थायरॉईड यासाठी की तुमच्या वयाच्या बायकांत ते बऱ्याचदा बिघडलेलं निघतं, खूप थंडी वाजणं, पोट साफ न होणं, केस गळणं, चेहरा सुजल्यासारखा वाटणं असं काही असेल तर आवर्जून सांगा. पायावर सूज येत असेल, रात्री खूप घोरत असाल, किंवा स्टेरॉइड वगैरे कुठली गोळी सुरू असेल तर तेही. बाकीच्या वाचकांनाही सांगते, ज्यांना आधीच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण तोडायचं नाही, शुगर एकदम खाली जाऊ शकते. हल्ली वजन उतरवायच्या नव्या इंजेक्शनांचंही फार जणी विचारतात, २०२५ पासून ती आपल्याकडे मिळायला लागलीत. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी ती चांगली आहेत, पण ठरवायचं डॉक्टरांनी, आणि एवढं लक्षात ठेवा की त्यावरसुद्धा वर्ष-सव्वा वर्षाने वजन एका जागी येऊन थांबतंच.

सगळं सोडून देऊ का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. काय सोडणार ते नीट बघा. संध्याकाळचं दोघांचं चालणं सोडणार? तुम्हीच लिहिलंय की कितीतरी वर्षांनी आम्ही रोज पाऊण तास बोलतो. जिना चढताना धाप लागत नाही म्हणून लिहिलंय, ते सोडणार? यातलं एकही काट्यावर चढत नाही, म्हणून मी तुम्हाला कॅलेंडरच्या त्या चौकोनात वजनाशेजारी अजून एक छोटी खूण करायला सांगणार आहे, आज चालले की नाही, आज नीट जेवले की नाही. वजन काय येईल ते आपल्या हातात नाही, ती खूण मात्र आहे. महिन्याच्या शेवटी तीस चौकोनांत पंचवीस खुणा दिसल्या की बघा कसं वाटतं ते.

रिपोर्ट आले की कळवा, मी वाट बघतेय. आणि दिवाळीच्या साडीवरचा ब्लाऊज अजून शिवायला टाकला नसेल तर टेलरकडे जुना ब्लाऊज मापाला देऊ नका, समोर उभं राहून नवीन माप घ्यायला लावा.